दोन्ही बाजूंना सारखे शब्द दिले की लेख समतोल होतो का?

गंगापूररोडकर
'कांदा निर्यातबंदी योग्य की अयोग्य' हा विषय नाशिककडच्या मुलांना काही परका नाही, तरी त्यावरचे निबंध वाचवत नाहीत. निफाडचं पोर पहिल्या ओळीपासून शेतकऱ्याचं वकीलपत्र घेतं, शहरातलं पोर भाजीच्या पिशवीवरून सुरू होतं.
माझा नियम साधा आहे. 500 शब्द असतील तर प्रस्तावना 60, बंदीच्या बाजूने 170, विरोधात 170, तुलना 70, शेवट 30. प्रस्तावनेत मत नको, फक्त घटनाक्रम: ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबर 2023 मध्ये बंदी, मे 2024 मध्ये किमान निर्यात मूल्याच्या (याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही अशा) अटीसह बंदी उठली, एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. प्रत्येक बाजूला तीनच मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला एक कारण आणि एक पुरावा. मग पेन्सिल घेऊन विशेषणं खोडायची. 'बिचारा शेतकरी', 'नफेखोर व्यापारी' यातलं विशेषण काढल्यावर मुद्दाच उरला नाही, तर तो मुद्दा नव्हता.

उन्हाळ_कांदा
सर, हे म्हणजे काट्यावर माल न घालता गोण्या मोजण्यासारखं झालं. एका गोणीत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा आहे, दुसरीत एक नंबर माल.
मुळात या विषयाला दोनच बाजू कुठे आहेत? 'शेतकरी' हा एक माणूस नाही. डिसेंबरात बाजारात असतो तो लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा मार्चपासून निघतो, तो चाळीत चार-सहा महिने राहतो, तोही घट आणि सड सोसून. म्हणून 'शेतकऱ्याने थांबावं, भाव आल्यावर विकावं' हा मुद्दा उन्हाळ कांद्याला थोडाफार लागू पडतो, डिसेंबरच्या बंदीला अजिबात नाही. तरीही तुमच्या नियमाने त्याला 170 पैकी 55 शब्द मिळणार, कारण तिसरा मुद्दा हवा ना!
आधी कागदावर कोणाकोणाला झळ बसते ते लिहा: लाल कांदावाला, चाळवाला, खळ्यावर कांदा निवडणारा मजूर, निर्यातदार, शहरातला ग्राहक. मग बाजू पाडा.

गंगापूररोडकर
लाल-उन्हाळ मान्य, ते प्रस्तावनेत आलंच पाहिजे. पण 'वजन बघून जागा द्या' असं नवशिक्याला सांगितलं की तो स्वतःच्या बाजूला 350 शब्द देतो आणि म्हणतो, वजन जास्त होतं. सारखे शब्द हा शेवटचा न्याय नाही, हात मोडल्यावर लावतात ती पट्टी आहे. हाड जुळलं की काढा.

शाईपेन
शब्द सारखे ठेवूनही लबाडी करता येते. ही दोन वाक्यं बघा:
'बंदीमुळे शहरात कांदा आवाक्यात राहतो, पण शेतकऱ्याचा भाव पडतो.'
'बंदीमुळे शेतकऱ्याचा भाव पडतो, पण शहरात कांदा आवाक्यात राहतो.'
माहिती तीच. पहिल्यात शेतकरी जिंकला, दुसऱ्यात ग्राहक. मराठीत 'पण', 'मात्र', 'तरी' यांच्या पुढे जे येतं ते वाचणाऱ्याच्या मनात उरतं. सगळा लेख लिहून झाल्यावर प्रत्येक 'पण'च्या मागे-पुढे कोण आहे ते पाहा. दहापैकी नऊ वेळा एकच बाजू पुढे असेल तर लेख कललेला आहे, शब्द कितीही मोजा.
क्रियापदांचंही तेच. शेतकरी 'सांगतात', सरकार 'दावा करतं', ग्राहक 'ओरडतात'. तिघांनाही 'म्हणणं आहे' लावून बघा, अर्धा कल तिथेच जातो. आणि 'काही लोकांच्या मते' नको. कोणाच्या, ते लिहा.

पंचवटी_पायरी
आपल्याकडे याला जुनी शिस्त आहे. मीमांसा या जुन्या शास्त्रात आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष (समोरच्याची बाजू), त्यानंतर उत्तरपक्ष (आपलं उत्तर). पूर्वपक्ष असा मांडायचा की समोरच्याने म्हणावं, हो, हेच माझं म्हणणं. मुलांना एवढं जमलं तरी पुरे.

उन्हाळ_कांदा
पूर्वपक्ष मांडतात तो खोडण्यासाठीच. कितीही सजवला तरी बोकड तो बोकड, संध्याकाळी कापायचाच आहे. वाद जिंकायला ती पद्धत उत्तम, दोन्ही बाजू तोलायच्या लेखाला नाही.

पंचवटी_पायरी
भाऊ, बोकड दुबळा असेल तर कापणाऱ्याचीही शोभा नाही. पूर्वपक्ष भक्कम मांडायची सवय लागावी, एवढंच म्हणणं. शेवटी कौल त्याच्या बाजूने जाऊ द्या की, कोणी अडवलंय?

आवक_जावक
आकड्यांबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरी गडबड तिथे होते.
एक, लासलगावचा भाव क्विंटलचा असतो, दुकानातला किलोचा. 1,500 रुपये क्विंटल म्हणजे 15 रुपये किलो, आणि दुकानात तोच 35 ला दिसला की मुलं लिहितात 'मधले 20 व्यापाऱ्याने खाल्ले'. त्यात प्रतवारी, गोणी, हमाली, गाडीभाडं, वाटेतली घट आणि किरकोळ विक्रेत्याचा खर्चही असतो. व्यापाऱ्याला किती उरलं हा वेगळा प्रश्न, तो वेगळाच विचारा.
दोन, बाजार समितीचे भाव किमान, कमाल आणि सरासरी असे तीन येतात. शेतकऱ्याची बाजू लिहिताना किमान उचलायचा आणि ग्राहकाची लिहिताना कमाल, हा प्रकार सर्रास दिसतो. दोन्हीकडे सरासरीच घ्या, तीही त्याच आठवड्याची आणि त्याच मालाची.
तीन, 'बंदी' म्हणजे एक कांदाही बाहेर गेला नाही असं नव्हे. त्या काळातही काही देशांना सरकारी मार्गाने ठरावीक माल गेला. हे एक वाक्य दोन्ही बाजूंना अडचणीचं आहे, म्हणून बहुतेक निबंधांत ते नसतं. तेच आधी घाला.

शाईपेन
आवक_जावक यांना दंडवत. मांडणीबद्दल एक भर घालते. आधी सगळी एक बाजू आणि मग सगळी दुसरी असं लिहिलं की दुसरी जास्त लक्षात राहते. एक मुद्दा इकडचा, एक तिकडचा असं केलं की लेख टेबल टेनिस होतो. त्यापेक्षा परिच्छेद निकषावर पाडा: भाव, साठवण, बाजारावरचा विश्वास. प्रत्येक परिच्छेदात दोघांचं म्हणणं, आणि कोणाचं म्हणणं आधी ते आलटून-पालटून.

रामकुंडावरून
एक निकष राहिला: चूक झाली तर मागे फिरता येतं का? निर्यात शुल्क लावलं, चुकलं, काढलं. नुकसान झालं, पण निर्णय फिरला. सिंहस्थ कुंभमेळ्याला येणाऱ्या साधूंच्या मुक्कामासाठी, म्हणजे साधुग्रामसाठी, नाशिकच्या तपोवनातली झाडं तोडायची की नाही, यावर असाच लेख लिहायला घ्या. सिंहस्थ 2027 ची तारीख पुढे ढकलता येत नाही, हे एका बाजूचं खरं वजन. तोडलेलं मोठं झाड परत जोडता येत नाही, हे दुसऱ्या बाजूचं. 'एकाच्या बदल्यात दहा रोपं' ही बेरीज इथे तोकडी पडते, कारण रोपाची सावली पडायला वर्षं जातात. इथे 170-170 ने काय कळणार?

गंगापूररोडकर
काही कळणार नाही, मान्य. तिथे तुलनेचे 70 शब्द वाढवून 150 करा आणि दोन्ही बाजूंचे 40-40 कापा. सारखेच कापा मात्र! आणि निष्कर्षाची घाई नको. दोन्ही बाजू नीट मांडल्या तर वाचणारा ठरवेल.

उन्हाळ_कांदा
नाही पटत. 'दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे, सुवर्णमध्य काढावा' हे वाक्य लिहून पळ काढायला समतोल म्हणायचं? सुवर्णमध्य कुठे, ते सांगा. तुमच्या त्या 30 शब्दांत असं काही बसवा:
'भाव चढल्यावर अचानक बंदी घालण्यापेक्षा आधी कळवून शुल्क लावणं शेतकऱ्याला कमी जाचक आहे. मात्र देशातच कांदा खरोखर अपुरा पडला, तर हा निष्कर्ष बदलावा लागेल.'
कौल आहे, अट आहे, आणि काय घडलं तर मत बदलेन तेही आहे. मोजलेत तर 24 शब्द.

शाईपेन
छान आहे. फक्त तुमचं 'खरोखर' खोडा. अपुरा आहे की नाही ते आवक आणि साठ्याच्या आकड्यांवरून ठरणार. 'खरोखर' लिहिलं की सरकार सांगेल ते तुम्ही आधीच खोटं धरलेलं दिसतं.

उन्हाळ_कांदा
खोडला. 23.