नॅनोकण पाण्यात ‘विरघळवायचे’ की दुसरं काही?

खडूफळा: सांगलीतल्या एका कॉलेजच्या विज्ञानदिनासाठी झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांवर मराठी फलक करायचाय. ०.१ मोलर झिंक ॲसिटेट ढवळत त्यात तेवढंच ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब, पांढरा साका धुऊन-वाळवून ४०० अंशांना दोन तास भाजायचा. पुढच्या ‘पावडर पाण्यात विरघळवून जिवाणूंवर तपासली’ या वाक्यावर लाल रेघ आली. ‘डिस्पर्स’ला, म्हणजे कण पाण्यात सुटेसुटे पसरवण्याला, काय लिहू?

तत्सम: रेघ योग्यच. विरघळले तर कण उरले कुठे? पाठ्यपुस्तकात ‘अपस्करण’ आहे.

हळदकांडी: अहो, ते लोलकातल्या प्रकाशाचं! सरळ ‘कालवली’ म्हणा. हळदसुद्धा आपण पाण्यात कालवतोच की.

तत्सम: कालवून गुठळ्या राहतात. इथे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम घेऊन सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) अर्धा तास, भोवतीच्या पाण्यात मधूनमधून बर्फ टाकत, नाहीतर पाणी तापतं. पीएच ९च्या आसपास गेला की कणांवरचा भार जवळपास शून्य आणि परत पुंजके. ‘निलंबन’ लिहा.

खडूफळा: लोक विचारतील, कोणत्या तलाठ्याचं?

नळीब्रश: ‘विरघळणे’ सरसकट खोडू नका. झिंक ऑक्साइड थोडं विरघळतंच, आम्लात तर भरपूर, आणि सुटलेले झिंक आयनही जिवाणू मारतात. आगरवरच्या (जिवाणू वाढवायची जेली) पावडर लावलेल्या चकतीभोवतीचं जिवाणूंविना मोकळं वर्तुळ बरेचदा त्यांचंच असतं, कण आगरमधून फारसे सरकत नाहीत. म्हणून ब्रॉथमध्ये (जिवाणू वाढवायचा पातळ द्रव) निमपट-निमपट पातळ करत तपासा आणि तुलनेला शेजारी तेवढ्याच झिंकचं झिंक सल्फेट ठेवा. जिवाणू किती वाढले ते ठरवायला ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेल्या गढूळपणावर जाऊ नका, कण स्वतःच गढूळ दिसतात. प्लेटवर जिवाणूंच्या वसाहती मोजा. थोडक्यात, कण विखुरले आणि त्यातलं काही झिंक विरघळलं. क्रियापदं दोन लागणार.

हळदकांडी: ‘विरघळणे’ म्हणजे ‘विरणे’ आणि ‘गळणे’ यांची जोडी असणार, माझी पैज!

तत्सम: पैजेला कोश लागतो. आणि खडूफळा, ‘साका’ काय? ‘अवक्षेप’ लिहा.

हळदकांडी: साका बसतो. अवक्षेप काय करतो?

तत्सम: अवक्षेप होतो.

नळीब्रश: काहीही म्हणा, पण हायड्रॉक्साइडचा हात सैल सुटला तर झिंकेट (झिंकचा पाण्यात विरघळणारा क्षार) होऊन अवक्षेप खरोखरच विरघळतो. तिथे तरी रेघ मारू नका.