नामवंतांना पद्म देणं थांबवावं का?

कोरडवाहू (धागाकर्ता)

दरवर्षी २५ जानेवारीच्या संध्याकाळी पद्म पुरस्कारांची यादी येते आणि आपण सगळे आधी ओळखीची नावं शोधतो. नट, खेळाडू, उद्योगपती, माजी मंत्री. चॅनेलवर रात्रभर तीच चालतात. पद्मश्रीच्या लांबलचक यादीत मग कुठेतरी मेळघाटातला डॉक्टर, अकोले तालुक्यातली बियाणं जपणारी बाई अशी नावं सापडतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांच्या कामाची पावती प्रेक्षकांनी, बाजाराने किंवा मतदारांनी आधीच दिली आहे, त्यांना सरकारने पद्म देणं थांबवावं. मरणोत्तर आणि परदेशस्थ सोडले तर वर्षाला १२० च्या वर पद्म देता येत नाहीत, असा नियम आहे. म्हणजे जागा मोजक्या आहेत. एक प्रसिद्ध नाव आत आलं की एक अप्रसिद्ध नाव बाहेर राहतं.

राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. कोंभाळण्याच्या या बाईंनी वालाच्या, भाताच्या, भाजीपाल्याच्या देशी वाणांचं बियाणं राखलं आणि वाटलं. त्याच वर्षी संत्री विकून गावात शाळा उभी करणारे कर्नाटकातले हरेकळ हजब्बा, आणि आपले हिवरे बाजारचे पोपटराव पवार. २०१९ मध्ये बैरागडचे डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे, २०१८ मध्ये गडचिरोलीचे डॉ. अभय आणि राणी बंग. या नावांमुळे पुरस्काराची शान वाढली. उलट एखाद्या सुपरस्टारला पद्मभूषण मिळालं तर त्याच्या आयुष्यात काय बदलतं?

आणि वेळेचं काय? कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ साली काढली. पद्मभूषण मिळालं १९५९ मध्ये, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. सिंधुताई सपकाळांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली आणि वर्ष पुरं व्हायच्या आत त्या गेल्या. पुरस्कार कामाला बळ द्यायला हवा असेल तर तो काम चालू असताना, माणूस धडधाकट असताना द्यायला हवा.

तिसरी मागणी: निवडीचं कारण जाहीर करा. त्या संध्याकाळच्या यादीत नाव, क्षेत्र आणि राज्य एवढंच असतं. ‘समाजसेवा, महाराष्ट्र’. यातून कुणाला काय कळणार?

नीरक्षीर

कोरडवाहू, तळमळ पोचली, पण पहिल्या मागणीला माझा ठाम विरोध.

पद्म पुरस्कार फक्त समाजसेवेसाठी कधीच नव्हते. कला, साहित्य, विज्ञान, वैद्यक, क्रीडा, उद्योग, सार्वजनिक जीवन अशा सगळ्या क्षेत्रांतल्या असामान्य कामासाठी ते आहेत. भीमसेन जोशींनी पद्मश्री, पद्मभूषण, पद्मविभूषण आणि शेवटी भारतरत्न असे चारही टप्पे गाठले. त्यांना श्रोत्यांनी भरभरून दिलं होतं, म्हणून देशाने काहीच द्यायचं नव्हतं का?

शिवाय नामवंत कोण हे ठरवणार कसं? यमुनाबाई वाईकरांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. लावणीच्या जाणकारांमध्ये नाव मोठं, पण त्या नावावर बाजाराने त्यांना काय दिलं? पिंगुळीच्या परशुराम गंगावण्यांना २०२१ मध्ये मिळाली, ती कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीसाठी. तुमच्या नियमात ‘कलावंत’ म्हणून हे दोघेही अडकतील. नाही अडकणार म्हणाल, तर प्रसिद्धी मोजायची पट्टी तुम्हाला आणावी लागेल, आणि ती पट्टी पुन्हा समितीच्याच हातात जाईल.

वेळेचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. महर्षी कर्व्यांना भारतरत्न मिळालं १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी!

आडवाट

तुम्ही दोघं कुणाला द्यावं यावर भांडताय. माझ्या मते देऊच नयेत.

संविधानाच्या कलम १८ ने किताब रद्द केले. रावसाहेब, रावबहादूर, सर या प्रकारांनी माणसं सरकारच्या दावणीला कशी बांधली गेली, ते घटनाकारांनी पाहिलं होतं. मग १९५४ साली नव्या नावाने तेच पुन्हा आलं. पंडित हृदयनाथ कुंझरूंनी या तत्त्वासाठी भारतरत्न नाकारलं. आचार्य कृपलानींनी १९६९ मध्ये हे सन्मान बंद करण्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. जनता सरकारने १९७७ मध्ये ते खरोखर बंद केले, इंदिरा गांधींनी १९८० मध्ये पुन्हा सुरू केले. १९९३ ते १९९७ पुन्हा खंड. त्या वर्षांत देशात कुणी चांगलं काम करायचं थांबलं होतं का?

सुप्रीम कोर्टाने १५ डिसेंबर १९९५ च्या निकालात हे किताब नाहीत असं सांगून पुरस्कार वाचवले, पण नावाच्या मागेपुढे ते लावायचे नाहीत, लावले तर ते काढून घेता येतात, हेही बजावलं. आता आपल्या राज्यातले फ्लेक्स, लग्नपत्रिका, कॉलेजांच्या आणि साखर कारखान्यांच्या पाट्या बघा. ‘पद्मश्री अमुक तमुक’ सर्रास. व्यवहारात तो किताबच झालाय.

आणि सोहळे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषणचा कार्यक्रम भर उन्हात उघड्या मैदानावर झाला आणि १४ माणसं उष्माघाताने गेली. समाजसेवेचा गौरव करायला आलेली साधी, सेवाभावी माणसं होती ती. मला तो दिवस विसरता येत नाही. सन्मानाचं रूपांतर गर्दी जमवण्यात होतं तेव्हा काय होतं, ते आपण पाहिलं आहे.

रानजाई

आडवाट, खारघरबद्दल तुमच्याइतकंच दुःख मलाही आहे. पण तो दोष नियोजनाचा. सन्मान एखाद्या सभागृहात शंभर माणसांसमोरही होतो.

‘देऊच नयेत’ हे म्हणणं ज्यांना कधी कुणी काही दिलं नाही त्यांच्या बाजूने बघा. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या दाईसाठी मी पद्मचा अर्ज भरला होता. कुणीही कुणाचंही नाव सुचवू शकतं, स्वतःचंसुद्धा. २०१६ पासून सगळं ऑनलाइन आहे आणि कामाची माहिती ८०० शब्दांत द्यायची असते. ते ८०० शब्द लिहिताना माझी दमछाक झाली. बाळंतपणं किती केली? नोंद नाही. कोणत्या सालापासून? ‘थोरल्याचं लग्न झालं त्याच्या आधीपासून.’ कागदपत्रं म्हणून त्यांनी ट्रंकेतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात ग्रामपंचायतीचं एक प्रशस्तिपत्र, शाल पांघरलेला एक फोटो आणि वर्तमानपत्राचं एकुलतं एक कात्रण. त्या कात्रणात त्यांचं आडनाव चुकलेलं. मग खरं आडनाव दाखवायला मी आधार कार्ड जोडू की कात्रणच गाळू, यावर मी कितीतरी वेळ घालवला.

निवड झाली नाही. पण अर्जासाठी मी गावातल्या बायकांशी बोलत होते तेव्हा प्रत्येकीने स्वतःहून आपल्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. एकीला पावसात ओढ्यापलीकडून खाटेवर घालून आणलं होतं. हे सगळं पहिल्यांदा कागदावर आलं. ते काम कुणीतरी मागितलं म्हणून झालं.

कोरडवाहू, खरी अडचण मला इथे दिसते. नामवंताकडे जाडजूड फाइल तयार असते. छापील पुस्तिका, चकचकीत फोटो, शिफारसपत्रं. मजकूर लिहून देणारी माणसं पगारावर असतात. नामवंतांना दार बंद करून आमच्या दाईला कात्रणं थोडीच मिळणार आहेत? तिच्यासाठी कुणीतरी चालत जाऊन माहिती गोळा करायला हवी. प्रत्येक जिल्ह्यात हे काम नेमून द्या. निवड समितीने फक्त आलेले अर्ज चाळत बसू नये.

पाणवठा

रानजाईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. ज्या गटाचं नाव अजून कुणीच घेतलं नाही, त्याबद्दल लिहितो.

नियमानुसार सेवेत असलेले सरकारी कर्मचारी पद्मला पात्र नाहीत. अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञ. म्हणजे आरोग्य केंद्रातला डॉक्टर चालतो, त्याच केंद्रातली नर्स चालत नाही. जिल्हा परिषदेची शिक्षिका नाही, पुरात खांबावर चढणारा वायरमन नाही. निवृत्त झाल्यावर चालतात, पण तेव्हा त्यांच्यासाठी अर्ज भरणार कोण? ‘पगार घेतात, कर्तव्यच आहे’ असं म्हणाल, तर डॉक्टरला काय पगार नसतो? नियम करायचाच तर सगळ्यांना सारखा करा.

दुसरं, पद्म एकट्या माणसालाच मिळतो. पण सार्वजनिक काम बहुतेक वेळा घोळक्याने होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये भारतातल्या आशा स्वयंसेविकांचा सामूहिक गौरव केला. दहा लाखांच्या आसपास बायका, सगळ्यांचा मिळून एक सन्मान. आपल्याकडे त्याची बातमी दोन दिवस चालली. त्याच आशाताई मानधनासाठी आपल्याच राज्यात रस्त्यावर बसल्या होत्या. आडवाट, इथे मी तुमच्या जवळ येतो: मानधन थकवून शाल पांघरणार असाल तर शाल नको.

आडवाट

पाणवठा, मग जवळ का, सोबतच या ना! तुमच्या शेवटच्या वाक्यात माझा सगळा मुद्दा आहे. पद्मबरोबर रोख रक्कम नाही, रेल्वे-विमानाची सवलत नाही. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याला ते पुरतं. ज्याचं नाही त्याला आधी पेन्शन द्या, औषधपाणी द्या, घर द्या.

रानजाई, तुमच्या दाईची गोष्ट मोलाची आहे. पण ती लिहायला दिल्लीचं पोर्टल कशाला हवं? गावाने लिहावी, शाळेने लिहावी.

रानजाई

हवीच होती तर इतकी वर्षं गावाने का नाही लिहिली? लिहिलं नाही, हेच तर दुखणं आहे. आणि पेन्शन की पदक असं त्रांगडं आपण का उभं करायचं? सन्मान मिळालेल्या बाईचा अर्ज तहसील कार्यालयात लवकर पुढे सरकतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण गरिबाच्या हातात तेवढी तरी ताकद येते.

ताकदीवरून सांगते. बाबा आमट्यांना १९७१ मध्ये पद्मश्री आणि १९८६ मध्ये पद्मविभूषण मिळालं होतं. १९९१ मध्ये नर्मदेच्या विस्थापितांसाठी त्यांनी दोन्ही परत केले. सरकारने दिलेली गोष्ट सरकारच्या दारात नेऊन ठेवली आणि सगळ्या देशाचं लक्ष तिकडे गेलं. तुम्ही म्हणता की पुरस्काराने माणूस दावणीला बांधला जातो. बाबा तर नाही बांधले गेले.

आडवाट

बाबा अपवाद होते. परत करणारे हाताच्या बोटांवर, मिरवणारे शेकड्यांनी. मी माझ्या मतावर ठाम आहे.

नीरक्षीर

धागाकर्त्यांच्या तिसऱ्या मागणीत एक दुरुस्ती. राष्ट्रपती भवनातल्या समारंभाच्या वेळी मानकऱ्यांचा परिचय प्रसिद्ध होतो. कारण अजिबातच सांगत नाहीत असं नाही.

समितीबद्दलही थोडं. ती दरवर्षी पंतप्रधान नेमतात, अध्यक्ष कॅबिनेट सचिव, सोबत गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर. हजारो अर्जांमधून त्यांनी निवड करायची. सरकारी सचिव आणि थोडे मान्यवर, यात जिल्ह्यातलं कोण आहे? रानजाईंची सूचना मला म्हणूनच सगळ्यात कामाची वाटते. आणि नियम वाकवण्याबद्दल बोलायचं तर भारतरत्न वर्षाला तीनपेक्षा जास्त नाहीत असं ठरलेलं असताना २०२४ मध्ये पाच जाहीर झाले. ती माणसं मोठी होती, यात वाद नाही. पण संख्या बदलायची तर ती का बदलली हे सांगायला नको?

कोरडवाहू (धागाकर्ता)

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. आडवाट, तुमच्याशी माझं जुळणार नाही. १९९३ ते १९९७ मध्ये कुणाचं काम थांबलं नाही, हे खरं असेल. पण त्या पाच वर्षांत कितीजण कुणाला माहीत न होता गेले, हे मोजायला आपल्याकडे काहीच नाही.

नीरक्षीर, परिचय आणि कारण यांत मी फरक करतो. परिचयात जन्म, शिक्षण, मिळालेले पुरस्कार येतात. मला हवंय ते असं: ‘या व्यक्तीने अमुक तालुक्यात अमुक इतकी वर्षं हे केलं, त्याने हे बदललं, आणि समितीने ते अशा प्रकारे पडताळलं.’ तीन ओळी पुरतील. त्या लिहायच्या म्हटल्यावर कुणीतरी त्या तालुक्यात जाऊन यावंच लागेल, आणि ज्यांच्याबद्दल अशा तीन ओळी लिहिताच येत नाहीत ती प्रसिद्ध नावं आपोआप गळतील. कलावंतांना सरसकट बंदी ही माझी मागणी मी मागे घेतो, यमुनाबाईंच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही. सुपरस्टारला आणखी एक पदक कशाला, हा प्रश्न मात्र उभाच आहे.

रानजाई, त्या दाईंचा अर्ज पुन्हा भरणार असाल तर मला निरोप टाका. आमच्याकडचे एक निवृत्त आरोग्यसेवक त्या पट्ट्यात बरीच वर्षं फिरलेत, त्यांच्याकडे जुन्या नोंदवह्या आहेत. कदाचित सालं तरी सापडतील.

पाणवठा

आणि ते आरोग्यसेवक सेवेत असताना अपात्र होते. आता निवृत्त आहेत ना? मग त्यांचाही अर्ज भरा.