८ बाय १० चं किचन: एल ओटा की समोरासमोर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, डोंबिवलीतल्या आमच्या जुन्या फ्लॅटचं किचन दिवाळीआधी नवीन करायचंय. माप ८ बाय १० फूट, दार आणि खिडकी समोरासमोरच्या छोट्या भिंतींत. सध्या एका लांब भिंतीला कडाप्प्याचा ओटा आहे आणि सिंक-गॅसमध्ये जेमतेम वीतभर जागा, त्यामुळे भांडी विसळताना शिंतोडे थेट फोडणीत उडतात.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो समोरासमोर २-२ फुटांचे दोन ओटे करा, मध्ये ४ फूट उरतात. पण फ्रीजचं दार उघडलं की दुसऱ्या माणसाने उभं कुठे राहायचं? शिवाय आई नारळ अजूनही खाली बसून विळीवरच खवते, तिची ती जागा मला अजिबात घालवायची नाहीये. एल केला तर सिंक खिडकीखाली येतं, छान उजेड मिळेल, पण कोपऱ्यातली जागा वाया जाते म्हणतात, आणि सिंक हलवल्यावर पाइपला नीट उतार मिळेल ना, खालच्यांकडे लीकेज तर होणार नाही ना, ही खरी धास्ती आहे.

अजून एक, उंची. आई ४ फूट ११ इंच, बायको ५ फूट ५. ३४ इंचाच्या ओट्यावर पोळ्या लाटताना आईचे खांदे कानाला टेकतात, रात्री मान धरून बसते. कुणी पोळ्यांपुरता ओटा खाली घेतलाय का? किती इंच? साफसफाईला त्या पायरीचा त्रास होतो का?

टाइल्स लावायच्या आत मिक्सर, प्युरिफायरचे पॉइंट ठरवायचेत, त्यामुळे जरा लवकर सांगा प्लीज. फोटो असतील तर नक्की टाका.