अवांतराचा नारळ: तुमच्या मंडळात गप्पा कोण आवरतं?

आगरवाला, रत्नागिरी
परवा पहाटे सव्वापाचला मागच्या आगरात नवरंग पक्ष्याची शीळ ऐकली. ह्या वर्षीची पहिली. घाईघाईने रेकॉर्ड केली, पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि चहा ठेवायला गेलो. येऊन बघतो तर शिळेखाली कोकमाच्या आगळाच्या बाटलीचा भाव, कुणाच्या पुतणीचा दहावीचा निकाल आणि सुप्रभातचा गुलाब. नवरंगाबद्दल चकार शब्द नाही. अ‍ॅडमिनताई भडकल्या आणि 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' करून मोकळ्या झाल्या. दुपारपर्यंत तिघांचे फोन, "ग्रुप बंद पडला काय हो?"

त्यावरून आमचे भजनाचे बुवा आठवले. मी तेव्हा झांजेवर. तालीम देवळाच्या सभामंडपात, गुरुवारी रात्री. पखवाजवाला धुमेवर, म्हणजे डाव्या तोंडावर, कणीक थापून बसायचा आणि इकडे गप्पा सुरू. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुंबईवाला येणार. कणीक वाळून तडकायची, परत पाणी लावून मळायची, तरी गजर काही सुरू होत नसे. एकदा दोनदा नाही, एका रात्रीत तीनदा मळली. बुवांनी पेटीचा भाता बंद केला आणि जाहीर केलं, अभंग सोडून जो बोलेल त्याने देवळात एक नारळ ठेवायचा.

गणपतीपर्यंत २३ नारळ जमले. त्यातले ११ खुद्द बुवांचे.

तुमच्याकडे काय करता? लिहा.

कुडाळची माहेरवाशीण
११ 😂😂 नारळांचं केलंत काय पुढे?

आगरवाला, रत्नागिरी
वड्या. आणि वड्या खाताना परत गप्पा.

खडपावरचो
आमचा गरीवाल्यांचा ग्रुप आहे, वेंगुर्ल्याकडचा. १ जून ते ३१ जुलै बंदी यांत्रिक बोटींना, आम्ही खडपावर उभे राहून गळ टाकणारे, पण समुद्र खवळलेला म्हणून आम्हीपण घरातच. मग दोन महिने ग्रुपवर काय बोलणार? राजकारण. गेल्या पावसात दोघे भांडून बाहेर पडले. त्यातला एक गळाच्या गाठी बांधण्यात आमचा गुरू. राजकारण परवडलं असतं, गुरू गेला ते परवडलं नाही.
मग मी वेगळा ग्रुप काढला, नाव ठेवलं 'गजाली'. म्हटलं काय ते थय बोला. पहिल्या दिवशी ४० मेसेज, आठवड्यात सगळा थंड. "बोला" म्हटल्यावर माणसाला सुचत नाही ओ. गजाली मारूक आधी दुसरा काम असूक लागता, ता टाळूक म्हणून.

दापोलीकर मावशी
आमचं हसण्यावारी गेलं नाही म्हणून लिहिते. कासवांच्या कामात मदत करतो आम्ही. ऑलिव्ह रिडलेच्या घरट्याला ५० दिवसांच्या आसपास झाले की रोज सकाळ-संध्याकाळ त्यावरची टोपली उचलून बघायची. एका एप्रिलमध्ये सकाळी साडेसहाला मेसेज पडला, पिल्लं वर आलीत, सातला सोडतोय. त्याच दिवशी एकाचा वाढदिवस. केकची चित्रं, हात जोडलेले, परत केक. पुण्याहून आलेलं कुटुंब दहा मिनिटांवर खोलीत झोपलं होतं, त्यांनी तो मेसेज साडेनऊला पाहिला. त्यांची लहान मुलगी नुसत्या वाळूवरच्या रेघा बघत बसली होती. मला तोंड दाखवायची लाज वाटली.
तेव्हापासून दोन ग्रुप. एकावर दोघंच लिहितात, तेही फक्त कासव. दुसऱ्यावर केक कापा, लग्न लावा, मी बघायलाही जात नाही.
कुकर झाला, जाते.

खडपावरचो
मावशी, रेघांचं वाचून कसंतरी झालं.

गुहागरी
नमनाच्या खेळाच्या तालमीत आमचा संकासुराचं सोंग घेणारा मुखवटा चढवून गप्पा मारायचा. आवाज आतून, कुणाला कळायचं नाही काय बोलतोय ते. त्याला दंड कसला लावणार.

कुडाळची माहेरवाशीण
ते आगळ कितीला होतं पण? आमच्याकडे अजून रातांबे सुकतायत, आणि आभाळ तर असं भरून आलंय.

आगरवाला, रत्नागिरी
ताई, नारळ ठेवा 🥥

कुडाळची माहेरवाशीण
ठेवला. आता सांगा.

खडपावरचो
आगळ घेताना मीठ बघून घ्या. आणि बांगड्याच्या तिखल्यात आगळ घालतात त्यांच्याशी माझं बोलणं नाही. कोकमाची सोलं घाला, आणि चार तिरफळं.

दापोलीकर मावशी
तिरफळं आमच्या घरात कुणी खात नाही बाई. जिभेला झिणझिण्या.

खडपावरचो
मावशी तिरफळं खायची नसतात, वासाला घालायची. ठेचून टाका, बी काढून.

गुहागरी
झालं, तिखल्यावर आली गाडी. धागा कशाचा होता?

नवीन सभासद
मी पक्ष्यांच्या अशाच एका ग्रुपवर आहे. पहिले सहा महिने एकही फोटो टाकला नाही, चूक निघाली तर हसतील म्हणून. एकदा कुणीतरी फणसाच्या भाजीत वाल घालावेत का विचारलं, तिथे मी पहिल्यांदा लिहिलं. दुसऱ्या दिवशी ककणेराचा फोटो टाकला. हललेला होता, तरी टाकला.

आगरवाला, रत्नागिरी
हे आमच्या अ‍ॅडमिनताईंना पाठवतो. त्यांनी कालच कुलूप काढलंय म्हणा, गुलाबाला तेवढी बंदी कायम. बुवांच्या हिशेबाने इथे आतापर्यंत आठ नारळ झाले, दोन माझे.

गुहागरी
नऊ करा. आज पहाटे आमच्या काजूतपण शीळ घातली नवरंगाने. इतका वेळ एकानेही विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो.