दुधातलं सिझियम काढतात कसं? मदत हवी आहे

मंडळी, डेअरी टेकला आहे, सेमिनारला चेर्नोबिल घेतलंय (अणुभट्टीचा अपघात, त्यातलं किरणोत्सर्गी आयोडीन आणि सिझियम चाऱ्यातून गाईंच्या दुधात आलं). आयोडीन 131 चं कळलं, 8 दिवसांत निम्मं होतं म्हणून दुधाची पावडर करून ठेवून द्यायची, पण सिझियम 137 ला 30 वर्षं लागतात, तिथे थांबून कसं भागणार? उकळून तर जात नाही (आईला हे अजून पटलेलं नाही). गाईंना प्रशियन ब्लू (सिझियमला पोटातच धरून ठेवणारं निळं रसायन) चारतात म्हणे, पण दूध आधीच काढलेलं असेल तर? आयन एक्स्चेंज रेझिनमधून (विरघळलेले क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) सोडलं की सोबत पोटॅशियमपण जातं ना, मग चव कशी सांभाळतात? आणि लोण्यात फार कमी उतरतं, बरंचसं ताकातच राहतं, मग सरळ तूपच का नाही कढवायचं? रेझिनवर कोणी काम केलं असेल तर प्लीज सांगा, गुरुवारी प्रेझेंटेशन आहे