मदत हवी आहे: कस्टमरचा 'सप्लायर कोड ऑफ कंडक्ट' भरायचाय, सगळीकडे 'हो' टिक करू का?

त्रस्त_सप्लायर: नमस्कार मंडळी, वैतागलोय म्हणून थेट विचारतो. मोठ्या कस्टमरने कोड ऑफ कंडक्ट (सप्लायरने पाळायचे नियम) पाठवलाय, सोबत भलीमोठी प्रश्नावली आणि शेवटी सही-शिक्का. बालकामगार आहेत का, ओव्हरटाइम स्वेच्छेने का, कार्बन किती, तक्रार निवारणाची पॉलिसी आहे का... आमचं युनिट केवढं नि हे विचारतायत केवढं. सही नाही तर पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) अडकली. सगळं 'हो' लिहिलं तर काय होतं? कुणाकडे तयार पॉलिसी असेल तर टाका, लोगो बदलून वापरतो.

नटबोल्ट: बनवता काय? माणसं किती? माल कुठल्या देशात जातो? मागून ऑडिट येणारे का नुसता फॉर्म? काहीच न सांगता फॉरमॅट मागितलात तर कोण काय देणार.

उनाड_ढग: सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) म्हणजे झाडं लावायची, फोटो वेबसाइटवर टाकायचे. आम्ही दरवर्षी करतो, मस्त प्रसिद्धी मिळते.

खवचट_काकू: अहो ढग, त्यांना पगार नि कामाचे तास विचारलेत, रोपं नाही.

हिशेबनीस: सरसकट 'हो' अजिबात नको. 'नाही' लिहून जेवढा त्रास होईल त्याच्या कितीतरी पट खोटं सापडल्यावर होतो. बऱ्याच प्रश्नावल्या एसए ८००० नाहीतर ईटीआय बेस कोड या कामगारांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय नियमावल्यांवरून उचललेल्या असतात, म्हणजे आठवड्याला ४८ तास, ओव्हरटाइम धरून ६०, सात दिवसांत एक सुट्टी. आधी हजेरी रजिस्टर काढा. सगळे नऊच्या ठोक्याला हजर, एकच पेन, एकच अक्षर असं दिसलं की ऑडिटर गेटवरचं रजिस्टर मागवतो. हजेरीत सगळे सहाला घरी गेलेले, आणि गेटवर मालाची गाडी रात्री अकराला सुटलेली, मग बसा उत्तरं देत.

आयएसओ_दादा: एवढं कशाला? आयएसओ २६००० चं, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या स्टँडर्डचं, सर्टिफिकेट घेऊन टाका, ओळखीचा कन्सल्टंट आहे, व्यनि करतो.

हिशेबनीस: दादा, २०१० सालच्या त्या स्टँडर्डवर सर्टिफिकेट निघतच नाही, ती नुसती मार्गदर्शक तत्त्वं आहेत, तसं त्यातच लिहिलंय. देणारा भेटलाच तर पाकीट सांभाळा.

आयएसओ_दादा: आमच्याकडे फ्रेम करून लावलंय, कस्टमर खूश आहे, अजून काय पाहिजे?

त्रस्त_सप्लायर: भांडा नंतर हो. बॅगा शिवतो. माल जर्मनीला, मधे एजंट. आत वीसेक माणसं, हँडलचं काम बाहेर घरोघरी देतो, पण ते कशाला लिहायचं, ती काय आमच्या पगारावर नाहीत.

नटबोल्ट: हे आत्ता सांगताय होय! मुख्य भानगड तिथेच आहे. जर्मनीचा सप्लाय चेनचा कायदा २०२३ ला आला, आधी ३००० कामगारांच्या वरच्या कंपन्यांना, २०२४ पासून १००० च्या वरच्यांना. तो तुमच्यावर नाही, कस्टमरवर आहे, आणि आपली जबाबदारी सगळी सप्लायरवर ढकलून त्याला मोकळं होता येत नाही, हे तिथल्या सरकारी खात्यानेच सांगितलंय. तेव्हा घाबरू नका, पण घरी काम करणाऱ्यांची यादी करा, किती नग, नगाला किती, एका नगाला वेळ किती. तो दर तासावर काढून किमान वेतनाला पोचतो का बघा. घरातली पोरं हात लावतात का तेही विचारा, मगच बालकामगारवाल्या रकान्याला हात लावा. जिथे कमी पडता तिथे कधीपर्यंत काय करणार ते तारखेसकट लिहा.

खवचट_काकू: आणि कस्टमरलाही विचारा की जरा. ऑर्डर ऐनवेळी वाढवायची, तारीख तीच, भाव पाडून घ्यायचा, आणि वर फॉर्ममध्ये विचारायचं ओव्हरटाइम का होतो! २०१३ ला बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून अकराशेच्या वर माणसं गेली, तिथल्या काही कारखान्यांचीही ऑडिटं झालेलीच होती.

उनाड_ढग: काकू, विषय कुठे नेलात. झाडांचे फोटो कार्बनच्या रकान्यात चालतील का?

हिशेबनीस: नाही चालणार. वीजबिल नि डिझेलच्या पावत्या जोडा, बाकी ठिकाणी 'अजून मोजलेलं नाही' लिहा.

त्रस्त_सप्लायर: एजंट म्हणतोय बाहेरच्या कामाचा उल्लेखच नको, कस्टमर पळेल. आता त्याचं ऐकू का तुमचं?

नटबोल्ट: सही कुणाची आहे खाली, त्याची का तुमची?