शब्दचर्चा: नियम, विनियम आणि आमच्याकडचा 'राजीनामा'

भंवरकुआँ, इंदूर

नमस्कार. मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सोबत राज्यसेवेची तयारी करते. घरी मराठी, कॉलेजात आणि क्लासमध्ये हिंदी. माझी आत्या घरून पुरणपोळ्या आणि चकल्या करून विकते. गेल्या आठवड्यात तिच्या नोंदणीचा अर्ज भरायला बसलो तेव्हा समोर तीन नावं आली: अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६, त्याखालचे नियम २०११ आणि विनियम २०११. आत्या म्हणाली, "अगं, नियम झाले की. आता हे विनियम कशाला?" व्याख्या मला पाठ आहेत, पण तिला पटेल असं एक वाक्य सांगता आलं नाही.

शिवाय गेल्या परीक्षेत मी दोन ठिकाणी 'विनियम'च्या जागी 'विनिमय' लिहून आले. आणि आत्याला जे मिळेल त्याला परवाना म्हणायचं, अनुज्ञप्ती म्हणायचं की नोंदणी? ती सगळ्यालाच 'लायसन' म्हणते.

मल्हारगंजकर

बेटा, आत्याचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. चाळीस वर्षं वकिली केली, पण हा प्रश्न इतक्या सरळ कोणी विचारलेला आठवत नाही.

यातला कोणताही शब्द दिसला की आधी विचारायचं, हे कोणी केलं? विधेयक म्हणजे सभागृहापुढे मांडलेला मसुदा. तो मंजूर होऊन राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची संमती मिळाली की अधिनियम. अर्ज कोणत्या नमुन्यात करायचा, शुल्क किती, स्वयंपाकघराची फरशी कशी असावी, हे सगळं संसद लिहीत बसत नाही. ते काम ती अधिनियमातच नाव घेऊन दुसऱ्यावर सोपवते. तुमच्याच अधिनियमाचं कलम ९१ उघड: नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला. लगेच खाली कलम ९२: विनियम करण्याचा अधिकार अन्न प्राधिकरणाला, आणि तोसुद्धा केंद्र सरकारची मान्यता घेऊन, मसुदा आधी लोकांपुढे ठेवून. म्हणजे सरकारने केले ते नियम, प्राधिकरणाने केले ते विनियम. आत्याला एवढंच सांग.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या १९९२ च्या अधिनियमातही अशीच जोडी आहे, कलम २९ सरकारचं, कलम ३० सेबीचं. फेमा, म्हणजे परकीय चलनाबद्दलचा १९९९ चा अधिनियम, त्यात कलम ४६ केंद्र सरकारला नियम करू देतं, कलम ४७ रिझर्व्ह बँकेला विनियम. तीन अधिनियम, तिन्हीकडे तीच मांडणी. ही तीन उदाहरणं उत्तरपत्रिकेत लिहिलीस तर व्याख्या घोकायची गरज उरणार नाही. महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेने केले तर ते उपविधी.

आता हा फरक कळून आत्याचा काय फायदा? एखादी अट जाचक वाटली तर दार कोणतं ठोठवायचं ते कळतं. अट अधिनियमात असेल तर ती संसदच बदलणार. विनियमात असेल तर प्राधिकरण मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवतं, तेव्हा आत्यासुद्धा दोन ओळी पाठवू शकते. आणि अधिनियमाने दिलेल्या अधिकाराच्या बाहेर जाऊन कोणी नियम केला, तर तो अधिकारबाह्य म्हणून उच्च न्यायालयात आव्हान देता येतं, त्यासाठी जबलपूरला जायला नको, आपल्या इंदूरचं खंडपीठ आहेच. काउंटरवरचा माणूस 'नियम आहे' म्हणाला की लोक मान खाली घालून परत येतात. कोणता नियम, कोणाचा, कोणत्या कलमाखाली, एवढं नम्रपणे विचारायला शिका. पुष्कळदा तो नियम नसतोच, कार्यालयाचं परिपत्रक असतं, आणि कायद्यात नसलेलं ओझं परिपत्रकाने नागरिकावर टाकता येत नाही.

विनियम आणि विनिमय: पहिल्यात 'यम' ऐक. नियम, संयम, यम, सगळीकडे आवरण्याचा अर्थ आहे. विनिमय म्हणजे देवाणघेवाण, विचारविनिमय म्हणतो ना, तोच. सराफ्यात पूर्वी चालायच्या त्या हुंड्या विनिमयातल्या. त्या हुंडीवर बंधन घालतो तो विनियम.

खंडवा रोड

काका, अध्यादेशाबद्दलही सांगा. अध्यादेश राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात, अनुच्छेद १२३ आणि २१३, हे वर्गात शिकलो. मग विद्यापीठाच्या परीक्षेच्या कागदावर 'अध्यादेश क्रमांक अमुक' असं का असतं? आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना वाटतं की परीक्षेचे निकष राज्यपालांनीच काढले.

मल्हारगंजकर

छान हेरलंस. घटनेतला अध्यादेश सभागृह भरलेलं नसताना निघतो, अधिनियमाइतकाच चालतो, आणि सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत मंजूर झाला नाही तर संपतो. विद्यापीठातला अध्यादेश वेगळा. विद्यापीठाच्या अधिनियमाखाली परिनियम, अध्यादेश, विनियम अशी उतरंड असते. त्यातल्या अध्यादेशात प्रवेश, परीक्षा, शुल्क असे विषय येतात आणि तो विद्यापीठाची अधिकार-मंडळं करतात. त्याला सहा आठवड्यांची मुदत लागू नाही. शब्द तोच, करणारा वेगळा. पुन्हा तिथेच आलो बघ.

विद्यापीठाचा विषय निघाला म्हणून आणखी एक. महाराष्ट्रात कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि विद्यापीठ चालवतात ते कुलगुरू. आपल्या मध्य प्रदेशात राज्यपाल कुलाधिपती, आणि चालवणाऱ्यांना कुलपति म्हणत. २०२४ मध्ये त्यांचं पदनाम कुलगुरु झालं. त्याआधीची हिंदी बातमी वाचून मराठीत लिहायला बसणारा माणूस हमखास चुके.

मूळची नागपूरची, आता सुदामानगर

मीही एक शब्द टाकते. लग्न होऊन इंदूरला आले त्याच वर्षी शेजारच्या वहिनींनी सांगितलं, "भाऊ-भाऊ कोर्टात गेले होते, काल राजीनामा झाला." मी विचारलं, "कोणी नोकरी सोडली?" त्या बघतच राहिल्या. नागपूरला राजीनामा म्हणजे नोकरी किंवा पद सोडल्याचं पत्र. इथे राजीनामा म्हणजे दोन पक्षांतली तडजोड. हे कायद्याच्या भाषेत बरोबर आहे का, की इथली बोली?

मल्हारगंजकर

ताई, बरोबर आहे, आणि रोजच्या वापरातलं आहे. लोकअदालतीच्या दिवशी इथल्या जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात उभ्या राहिलात तर दहा मिनिटांत पाच वेळा ऐकाल: "साहब, राजीनामा हो गया है." राजी अधिक नामा, राजीखुशीने दिलेला लेख. दोन्ही पक्ष राजी झाल्याचा लेख तो हिंदीतला राजीनामा. दिवाणी दाव्यात असा समझोता दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ खाली नोंदवला जातो. फौजदारीत सगळेच गुन्हे असे मिटवता येत नाहीत. ज्यांत मुभा आहे त्यांची यादी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३२० होतं.

मराठीत मात्र वाट वेगळी गेली. मुंबई इलाख्याच्या महसुली कागदांत जमीन सोडणारा 'राजीनामा' देई आणि घेणारा 'कबुलायत' लिहून देई. आपल्या खुशीने हक्क सोडल्याचा कागद. तिथून पद सोडण्याचा अर्थ दोनच पावलांवर आहे, आणि मला वाटतं तो तिथूनच रुळला असावा. म्हणून इंदूरच्या मराठी वकिलाने अशिलाशी मराठीत बोलताना 'तडजोड' म्हणावं. मी तेच करत आलो. नाहीतर सही करणाऱ्या म्हातारीला वाटतं, आपण घराचा हक्कच सोडला.

असे शब्द पुष्कळ आहेत. आपली तक्रार म्हणजे गाऱ्हाणं, हिंदीतली तकरार म्हणजे भांडण. आपली हरकत म्हणजे आक्षेप, म्हणून ना-हरकत प्रमाणपत्र. हिंदीत ते अनापत्ति, आणि हरकत म्हणजे चाळा. आपली शिक्षा म्हणजे सजा, हिंदीतली शिक्षण, ते तर तुम्ही मुलं रोजच अनुभवता. दंड सगळ्यात घातक: मराठीत दंड म्हणजे भरायचे पैसे, हिंदी संहितेत दंड म्हणजे कोणतीही शिक्षा, तुरुंगवाससुद्धा, आणि पैशाचा तो जुर्माना किंवा अर्थदंड. भाषांतर करताना इथे घाई केली तर माणूस तुरुंगात जाणार की पावती फाडून घरी येणार, तेच बदलतं.

भंवरकुआँ, इंदूर

काका, सगळं वहीत उतरवलं. परवाना आणि नोंदणी राहिलं.

मल्हारगंजकर

राहिलं खरं. परवाना मिळेपर्यंत धंदा सुरूच करायचा नाही, अशी मुळात मनाई असते. परवाना ती मनाई उठवतो, अटी घालून. तुमच्या अधिनियमाचं कलम ३१(१) हेच सांगतं. कलम ३१(२) छोट्या उत्पादकाला, फेरीवाल्याला, तात्पुरती टपरी टाकणाऱ्याला परवान्यातून सूट देतं, पण वहीत नाव घालायला लावतं. ती नोंदणी. छोटा कोणाला म्हणायचं? अधिनियम पूर्ण वाचलास तरी आकडा सापडणार नाही. वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतची उलाढाल, ही मर्यादा मुळात २०११ च्या विनियमांनी घातली होती. म्हणजे तो आकडा बदलायला संसदेत जावं लागत नाही. अर्ज भरशील त्या दिवशी विनियमाची ताजी प्रत उघड, क्लासच्या नोट्सवर विसंबू नकोस.

अनुज्ञप्ती आणि परवाना: मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गाडी चालवायची मुभा आणि रिक्षा भाड्याने फिरवायची मुभा. शासकीय मराठीत पहिलीला अनुज्ञप्ती, दुसरीला परवाना. बोलताना दोन्हीला परवाना चालतं, मसुदा लिहिताना चालत नाही. आत्याचं 'लायसन' घरात असू दे. अर्जावर मात्र नोंदणी. मध्य प्रदेशच्या हिंदी फॉर्मवर 'पंजीयन' दिसेल, ते हेच.

भंवरकुआँ, इंदूर

काल रात्री आत्याला कलम ९१ आणि ९२ शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखवली. ती कणीक मळत होती. ऐकून म्हणाली, "म्हणजे बारा लाखांचा आकडा त्या प्राधिकरणाने लिहिलाय, आणि मी त्यांना पत्र लिहू शकते." मग हात धुऊन वही घेऊन बसली. चकलीच्या पाकिटावर काय काय हवं ते आम्ही लिहिलं. बॅच क्रमांकाला मराठी शब्द तिने लगेच सांगितला: घाणा. काका, हा शब्द पाकिटावर चालेल का?

मल्हारगंजकर

तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असायलाच हवा, तसं विनियम सांगतात. त्याच्या जोडीला आणखी कुठल्याही भाषेत लिहायला आडकाठी नाही, फक्त दोन्हीकडचा मजकूर एकमेकांना छेद देणारा नको. तेव्हा वर 'बैच नंबर' आणि खाली आत्याचा 'घाणा क्र. ३'. बिनधास्त छापा, आणि एक पाकीट मल्हारगंजला पाठवा.